घड्याळ आणि नाडी

‘मजल’ हा शब्द मराठीत आता बहुधा ‘मजल मारणे’, ‘मजल जाणे’ अशा वाक्प्रचारांतूनच उरला आहे. बखरींतून आणि जुन्या पत्रव्यवहारातून मात्र लष्करे ‘मजल दरमजल’ करीत येतात, आणि तिथे मजल म्हणजे एका दिवसाची चाल. शब्द अरबी ‘मंझिल’वरून आलेला आणि त्यामागच्या धातूचा मूळ अर्थ खाली उतरणे असा. अंतराचे हे माप चालण्यावरून पडलेले नाही, उतरण्यावरून पडलेले आहे. स्वार जिथे उतरेल, घोड्याचे खोगीर निघेल, तोबरा बांधला जाईल, तिथे एक मजल संपली. घाटातली मजल लहान, मैदानातली मोठी. ऐन उन्हाळ्यातली वेगळी आणि हिवाळ्यातली वेगळी. जनावराला झेपेल तेवढी वाट, असा हा हिशेब होता आणि तो शब्दातच मुरलेला होता.

लांब पल्ल्याच्या घोडदौडी स्पर्धा म्हणून भरू लागल्या तेव्हा हा हिशेब मोडला. एकाच घोड्यावर ठरलेले मोठे अंतर कमीत कमी वेळात कापायचे, ही कल्पना आधुनिक युरोपीय सैन्यांतील अधिकाऱ्यांची. तिच्यातून पुढे ‘एंड्युरन्स राइड’ नावाचा क्रीडाप्रकार उभा राहिला. या प्रकाराचा सव्वाशे वर्षांचा इतिहास वस्तुतः नियमांचा इतिहास आहे. आयोजकाने परिस्थिती पाहून निर्णय घ्यावा की लिखित नियमावर बोट ठेवावे, हा वाद त्यात सतत डोके वर काढतो. तो कडक विरुद्ध सैल असा मांडला जातो, आणि तिथेच त्याची गफलत होते असे मला वाटते. ताठ काय ठेवायचे आणि सैल काय सोडायचे, याची निवड प्रत्येक पिढीने वेगळी केली आहे. त्या निवडीची किंमत मात्र दर वेळी घोड्यांनी मोजली.

सुरुवात १८९२ पासून करू. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरी या दोन मित्रराष्ट्रांच्या घोडदळ अधिकाऱ्यांमध्ये बर्लिन ते व्हिएन्ना अशी दौड झाली. जर्मन स्वार बर्लिनहून निघाले, ऑस्ट्रियन व्हिएन्नाहून. अंतर सुमारे ५८० किलोमीटर. दोन्ही बाजूंचे मिळून दोनशेहून अधिक स्वार. पहिला आला काउंट विल्हेल्म श्टारहेम्बर्ग, एकाहत्तर तासांहून थोड्या अधिक वेळात. त्याचा घोडा आथोस शर्यतीनंतर लवकरच मेला. जर्मनांतला अग्रेसर स्वार फॉन राइट्सनश्टाइन याची लिपश्प्रिंग ही घोडीही वाचली नाही. एकूण पंचवीसहून अधिक घोडे दगावले.

या स्पर्धेला नियम नव्हते असे मात्र म्हणता येणार नाही. घोडा बदलायचा नाही, अंतर ठरलेले, वेळेची नोंद काटेकोर. लष्करी शिस्तीच्या दोन सैन्यांनी ती भरवली होती. ढिलाई हा त्यांचा दोष खचितच नव्हता. पण घड्याळ जेवढे ताठ होते तेवढेच घोड्याविषयी सगळे सैल होते. वाटेत त्याला थांबवून तपासणारे, आणि पुढे जाऊ नको असे स्वाराला सांगू शकणारे कोणी नव्हते. घोडा किती ताणायचा हे स्वाराच्या विवेकावर सोडलेले, आणि त्या विवेकावर दोन सम्राटांच्या आणि आपापल्या पलटणींच्या अब्रूचे ओझे. १९०२ मध्ये ब्रसेल्स ते ओस्टेंड या सुमारे १३२ किलोमीटरच्या दौडीत पुन्हा तेच झाले. अंतर एवढे कमी असूनही घोडे मेले, कारण अंतर कमी म्हणून वेग वाढला. अंतर हा घोड्याचा शत्रू नसून वेग हा शत्रू आहे, हा धडा तिथेच मिळाला होता. तो घ्यायला बराच काळ जावा लागला.

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकी लष्कराला घोडदळासाठी कोणत्या वंशाचे घोडे पैदा करावेत याचा निर्णय करायचा होता. त्यासाठी १९१९ पासून काही वर्षे ज्या दौडी झाल्या त्यांची रचना निराळी होती. दररोज सुमारे साठ मैल, असे पाच दिवस, एकूण तीनशे मैल. पहिल्या वर्षी वजन दोनशे पौंड, म्हणजे सुमारे ९१ किलो. अरबी घोड्यांना ते सोपे जाते अशी कुरकूर झाल्यावर पुढच्याच वर्षी ते २४५ पौंडांवर, सुमारे १११ किलोंवर नेण्यात आले. पण महत्त्वाचा बदल गुणांकनात होता. वेळेबरोबर घोड्याच्या अवस्थेलाही गुण होते. मरणासन्न अवस्थेत पहिला आलेला घोडा लष्कराच्या कामाचा नव्हता, कारण लष्कराला त्याच घोड्यावर दुसऱ्या दिवशी स्वार बसवायचा होता. ही करुणा नव्हती, व्यवहार होता. या क्रीडाप्रकारातले पुष्कळसे चांगले नियम अशाच कोरड्या व्यवहारातून आलेले आहेत, आणि म्हणून ते भाबड्या भूतदयेपेक्षा जास्त टिकले.

व्हरमाँट राज्यातल्या ग्रीन माउंटन हॉर्स असोसिएशनने १९३६ मध्ये शंभर मैलांची वार्षिक दौड सुरू केली, ती तीन दिवसांत विभागलेली. या घराण्याच्या दौडींत जी पद्धत रुळली तिच्यात पोहोचण्याच्या वेळेला वरची मर्यादा तशी खालचीही मर्यादा असते. फार लवकर आलात तरी गुण कापले जातात. घाई करणाऱ्याला शिक्षा देणारी शर्यत, ही कल्पना ससा-कासवाच्या गोष्टीवर वाढलेल्या आपल्या मनाला विनोदी वाटेल. पण १९०२ चा धडा एवढ्या सरळपणे नियमात उतरवणारे हे पहिलेच लोक असावेत.

आता या इतिहासातल्या सर्वांत प्रसिद्ध दौडीकडे वळू. कॅलिफोर्नियातल्या ऑबर्न गावच्या वेंडेल रोबी या लाकडाच्या व्यापाऱ्याने १९५५ च्या ऑगस्टमध्ये चार-दोन सोबत्यांसह टाहो सरोवराकाठून सिएरा नेवाडाची रांग ओलांडून ऑबर्नपर्यंत घोडे नेले. शंभर मैल, एका दिवसात. आजकालच्या घोड्यांना आणि माणसांना हे जमणार नाही असे म्हणणाऱ्यांना उत्तर देणे, एवढाच हेतू. पहिली चार वर्षे रोबी स्वतःच पहिला आला. १९५९ पासून विजेत्याला लॉइड टेव्हिस या जुन्या धनिकाच्या नावाचा चषक मिळू लागला आणि ‘टेव्हिस कप’ हे नाव रूढ झाले. प्राणिदयेचा पुरस्कार करणाऱ्या मंडळींनी सुरुवातीच्या काळात आक्षेप घेतले, आणि त्यांच्यासमोर १८९२ चे उदाहरण असल्यामुळे ते अस्थानी म्हणता येत नाहीत.

टेव्हिसच्या रचनेत ताठ आणि सैल यांची वाटणी कशी आहे ती पाहण्यासारखी आहे. चोवीस तास ही मर्यादा अढळ. पहाटे सव्वापाचला निघायचे, दुसऱ्या पहाटे सव्वापाचच्या आत पोहोचायचे. सक्तीच्या विश्रांतीचे तासही त्यातच धरायचे. वाटेतल्या प्रत्येक ठाण्याची वेळ बंद होण्याचा क्षण ठरलेला. त्यानंतर आलेला घोडा कितीही ताजातवाना असला तरी तिथेच थांबतो. घोडा सहा वर्षांचा पुरा असला पाहिजे. पशुवैद्याने ‘नाही’ म्हटले की वाद नाही. याउलट पोशाख, खोगिराचा प्रकार, घोड्याचा वंश याविषयी फारशी बंधने नाहीत. उतारावर स्वाराने उतरून लगाम धरून घोड्याबरोबर धावावे, याला पूर्ण मुभा आहे आणि जाणते स्वार तसे करतातही. शर्यतीची तारीख तर पंचांग पाहून ठरवावी तशी ठरते. रात्रीची वाट दिसावी म्हणून ती उन्हाळ्यातल्या पौर्णिमेच्या आसपास ठेवण्याचा प्रघात आहे. २००८ मध्ये वणव्यांमुळे दौड रद्द झाली. २०११ मध्ये डोंगरावरचा बर्फ वितळेना, तेव्हा ती ऑक्टोबरात ढकलली गेली आणि मार्गही बदलला. चोवीस तासांचे पंचवीस मात्र झाले नाहीत.

बक्षिसाची रक्कम नाही. वेळेत आणि सुदृढ घोड्यासह पोहोचणाऱ्या प्रत्येकाला पट्ट्याचे चांदीचे बक्कल मिळते, पहिल्याला तेच आणि शेवटच्यालाही तेच. १९६४ पासून हॅगिन कप नावाचा दुसरा चषक आला. पहिल्या दहांत आलेल्या घोड्यांपैकी जो दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वाटेला लागण्यास सर्वांत लायक दिसेल त्याला हा चषक. कित्येक स्वारांना पहिल्या येण्यापेक्षा हाच मान मोठा वाटतो. निघालेल्यांपैकी निम्म्याच्या आसपासच घोडे शेवटपर्यंत पोहोचतात, आणि बाद होणे ही नामुष्की समजली जात नाही. १९७३ मध्ये गॉर्डी एन्सले नावाच्या स्वाराचा घोडा लंगडू लागल्याने वाटेतच थांबवला गेला. पुढच्या वर्षी हा गृहस्थ घोड्यावाचून, घोड्यांच्याच वाटेने, त्यांच्याच वेळमर्यादेत धावला आणि २३ तास ४२ मिनिटांत ऑबर्नला पोहोचला. माणसांच्या शंभर मैलांच्या शर्यतींचा उगम त्या दिवसात सांगितला जातो. घोडा थांबवणारा नियम ताठ नसता तर ही हकीकत घडलीच नसती.

१९७२ मध्ये अमेरिकन एंड्युरन्स राइड कॉन्फरन्स ही संस्था निघाली तोवर गावोगावी अशा दौडी भरू लागल्या होत्या. या संस्थेने किमान नियम घालून दिले : पशुवैद्यकीय देखरेख सक्तीची, पन्नास मैलांना बारा तास, शंभराला चोवीस, घोड्याचे किमान वय. त्याहून कडक अटी घालण्याची मोकळीक स्थानिक आयोजकाला ठेवली. त्याहून सैल होण्याची नाही. म्हणजे लवचिकता होती, पण तिला दिशा होती. एखाद्या दमट दिवशी आयोजकाने नाडीची मर्यादा चार ठोक्यांनी खाली आणली तर तो त्याच्या अधिकारात असे. वर नेली तर नसे. ‘पुरे करणे म्हणजेच जिंकणे’ अशा आशयाचे संस्थेचे ब्रीद आहे, आणि अनेक ठिकाणी वेळेत पोहोचलेल्या शेवटच्या स्वाराला कौतुकाने कासवाचे बक्षीस देतात.

नाडीचा उल्लेख आला, तेव्हा तपासणीची पद्धत सांगितली पाहिजे, कारण या क्रीडाप्रकारातली सर्वांत बुद्धिमान तरतूद तिच्यात आहे. ठाण्यावर आलेल्या घोड्याचे पशुवैद्य ठोके मोजतो. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडतो आणि ती किती लवकर सपाट होते ते पाहतो. हिरडी दाबून रक्त परत भरायला लागणारा वेळ पाहतो, पोटाला कान लावून आतड्यांचा आवाज ऐकतो आणि शेवटी घोड्याला दुडक्या चालीने पळवून तो लंगडत नाही ना याची खात्री करतो. विश्रांतीच्या घोड्याची नाडी मिनिटाला चाळीसच्या आसपास असते. दौडून आल्यावर ती ६४ पर्यंत उतरली पाहिजे, असा दंडक बऱ्याच ठिकाणी आहे.

पूर्वी विश्रांतीचा काळ घोडा ठाण्यावर पोहोचल्या क्षणी सुरू होई. साहजिकच स्वार ठाण्यापर्यंत चौखूर येत, कारण घोड्याला शांत व्हायला लागणारा वेळ विश्रांतीतच मोजला जाणार होता. पुढे पद्धत बदलली. नाडी ठरलेल्या आकड्यावर उतरली की मगच विश्रांतीचे घड्याळ सुरू. एवढ्या एका बदलाने स्वारांचे वागणेच पालटले. शेवटचा मैलभर ते घोड्याला चालवत, स्वतः उतरून चालत, येऊ लागले. कारण धापा टाकत आलेल्या घोड्याचा वेळ आता फुकट जात होता. कोणी उपदेश केला नाही, दंड केला नाही. वृत्तात यतीची जागा ठरलेली असते. इथे यतीची जागा ठरलेली, पण तो किती लांबायचा हे श्वासावर सोपवलेले. आकडा सर्वांना एकच, आणि तरी प्रत्येक घोड्याला त्याच्या गतीने वेळ मिळतो. कडक की लवचिक, या दोन खणांपैकी हा नियम कोणत्या खणात टाकावा हे मला आजवर ठरवता आलेले नाही.

मात्र आकडा आला की त्याच्याभोवती कसबही येते. घोड्यावर थंडगार पाणी ओतून नाडी भराभर उतरवण्याचे एक शास्त्रच तयार झाले. त्यात गैर काही नाही. उष्णतेने तापलेल्या जनावराला गार करणे त्याच्या हिताचेच. पण नाडी उतरली म्हणजे घोडा सावरला असे नेहमी नसते. शरीरातील पाणी आणि क्षार घटलेला घोडा काही काळ चांगला दिसतो आणि मग अचानक कोसळतो. म्हणून जाणता पशुवैद्य आकड्याकडे पाहतो आणि शिवाय घोड्याच्या डोळ्यांकडे, कानांकडे, वैरणीवरच्या वासनेकडे पाहतो. ६४ ठोके असूनही ‘मला हा घोडा आवडत नाही’ असे म्हणून थांबवण्याची त्याला मुभा असणे, ही लवचिकता नियमांच्या गाभ्यातली आहे. ती गेली तर उरते ती मोजणी.

ती मोजणी कशी असते हे पुढच्या काळाने दाखवले. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने १९७८ मध्ये या प्रकाराला मान्यता दिली. पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९८६ मध्ये रोमला झाली. नव्वदीच्या दशकात आखाती देशांत, विशेषतः संयुक्त अरब अमिरातींत, खेळाला राजाश्रय आणि अमाप पैसा मिळाला. सपाट वाळवंटी मार्ग, कडेने धावणाऱ्या मदतनीसांच्या गाड्या, मोठी बक्षिसे आणि वेग ताशी पंचवीस किलोमीटरच्याही वर. नियम महासंघाचेच होते, पशुवैद्य होते, आकडे होते. तरीही घोड्यांचे पाय मोडले, घोडे मेले, आणि प्रकरण इतके चिघळले की २०१५ च्या मार्चमध्ये महासंघाने अमिरातींच्या राष्ट्रीय संघटनेला काही महिन्यांसाठी निलंबित केले. २०१६ ची जागतिक स्पर्धा दुबईहून काढून स्लोव्हाकियातल्या शामोरीनला नेण्यात आली. गंमत अशी की उपायाचा एक धीट प्रयोगही अमिरातींतच झाला. अबू धाबीतल्या बू थीब येथे वेगालाच ताशी वीस किलोमीटरची मर्यादा घालण्यात आली आणि नाडीचा आकडा ५६ वर आणला गेला. व्हरमाँटची जुनी युक्ती, वाळवंटात.

एकाच प्रकारच्या नियमावलीत ऑबर्नला एक घडते आणि वाळवंटात दुसरे, याचे कारण काय? इथे आपल्याकडच्या घोडदळातला एक जुना भेद उपयोगी पडतो. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदाराचा घोडा गेला की त्याची रोजी गेली, म्हणून तो घोड्याला जपणार आणि प्रसंगी लढाईत हात राखणार. बारगिराला ती चिंता नाही. टेव्हिसचे बहुतेक स्वार शिलेदार आहेत. घोडा घरचा, वर्षानुवर्षे स्वतः खरारा केलेला, आणि सोमवारी पुन्हा त्याच्याच तोंडाकडे पाहायचे. अशा समाजात आयोजकाने स्वारावर पुष्कळ सोडले तरी चालते. वाळवंटातली दौड पागेची. मालक एक, शिकवणारा दुसरा, स्वार पगारी, आणि पागेत बदली घोडे उभे. तिथे स्वाराच्या विवेकावर सोडलेली प्रत्येक गोष्ट कोणाच्याच विवेकावर सोडलेली नसते. अर्थात मालकी हे एकच कारण मानले तर १८९२ चा उलगडा होत नाही. अब्रू आणि बक्षीस घोड्याच्या किमतीहून मोठी झाली की शिलेदारही बारगीर होतो.

या सगळ्या प्रश्नांची गाठ एका दिवसात पाहायची असेल तर १२ सप्टेंबर २०१८ चा दिवस पाहावा. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात ट्रायन येथे जागतिक अश्वक्रीडा स्पर्धा चालू होत्या, आणि फ्लॉरेन्स हे चक्रीवादळ किनाऱ्याकडे सरकत होते. १६० किलोमीटरची दौड सकाळी सुटली, पण सुरुवातीलाच काही स्वारांना चुकीच्या वाटेला लावले गेले. आयोजकांपुढे पेच पडला. निकाल ग्राह्य धरावा तर अन्याय, रद्द करावी तर चार वर्षांची तयारी वाया. त्यांनी लवचिक मार्ग काढला : अंतर १२० किलोमीटर करून दौड पुन्हा सोडायची. माणसांच्या दृष्टीने हा तोडगा समंजस होता. घोड्यांच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की काही अंतर आधीच धावलेले घोडे पहाटेऐवजी उन्हे चढल्यावर, वादळापूर्वीच्या दमट उकाड्यात पुन्हा निघाले. अंतर कमी झाल्यामुळे वेग वाढण्याचा संभव होता तो वेगळाच. ब्रसेल्स-ओस्टेंडची आठवण तिथे कोणाला झाली की नाही कोण जाणे.

दुपारनंतर उष्णता आणि आर्द्रता यांची बेरीज धोक्याच्या पातळीपुढे गेली. पशुवैद्यांच्या तंबूत घोड्यांची रीघ लागली. पन्नासाहून अधिक घोड्यांवर उपचार करावे लागले आणि एका घोड्याला नंतर दयामरण द्यावे लागले. अखेर अधिकाऱ्यांनी दौड मध्येच थांबवून कायमची रद्द केली. हा निर्णयही अधिकाराच्या लवचिक वापरातूनच आला होता, आणि सकाळच्या निर्णयापेक्षा तो कितीतरी अवघड होता. कारण सकाळी सर्वांना हवे ते द्यायचे होते आणि आता कोणालाच नको असलेले सांगायचे होते. ज्यांचे घोडे अजून तंदुरुस्त होते ते स्वार खवळले. स्पॅनिश स्वारांनी तर उघड निषेध केला. आपल्या घोड्याची नाडी नियमात आहे, मग आपल्याला का थांबवता, हा त्यांचा प्रश्न नियमाच्या भाषेत बिनतोड होता. महासंघाने पुढे या क्रीडाप्रकाराचे नियम नव्याने तपासायला घेतले आणि २०२० पासून ते बरेच कडक केले. ट्रायनच्या त्या दौडीत मात्र पदक कोणालाच देण्यात आले नाही.